चौदा ॲम्प्यूल कोण फोडणार?

गरोदर बाईला झटका आला, की मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला पूर्ण डोस द्यावा लागतो आणि तो १४ ग्रॅमचा असतो. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ५० टक्क्यांच्या, २ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ ग्रॅम औषध असते. म्हणजे चौदा ॲम्प्यूल फोडायच्या. त्यांतल्या चार ओढून घ्यायच्या, त्यात १२ मिलिलिटर इंजेक्शनचे पाणी मिसळून २० मिलिलिटर करायचे आणि ते शिरेतून सावकाश द्यायचे. उरलेल्या दहा दोन सिरिंजमध्ये पाच-पाच भरून दोन्ही नितंबांत खोलवर टोचायच्या. हे नर्सिंगच्या वर्गात शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते आणि बहुतेक सिस्टरांना ते पाठही असते. पण रात्रीचे अडीच वाजलेत, ड्युटीवर दोन सिस्टर आणि एक मावशी आहे, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देतेय. अशा वेळी ॲम्प्यूल फोडायला कोण बसणार, झटका आलेल्या बाईला कुशीवर धरून कोण ठेवणार, डॉक्टरांना फोन कोण लावणार आणि उतारा म्हणून लागणारे कॅल्शियम ग्लुकोनेट नेमक्या कुठल्या ट्रेमध्ये आहे? या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतात. ती त्या त्या लेबर रूममध्येच आणि तिथल्या माणसांनी आधी करून पाहिली असतील तरच मिळतात. प्रसूती विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्या इन्चार्ज सिस्टर, अधिसेविका, पाठ्यनिर्देशिका आणि विभागप्रमुखांसाठी हा लेख आहे. त्याचा मुद्दा एकच आहे: प्रशिक्षण ड्युटीच्या बाहेर ठेवले की ते कागदावर उरते, ड्युटीच्या आत आणले तरच हातात उतरते.

हा प्रश्न आज जास्त निकडीचा का, ते आधी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे दिसले. बाईला दवाखान्यापर्यंत आणण्याची लढाई आपण बरीचशी जिंकली आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२०च्या आकड्यांनुसार राज्याचा माता मृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. केरळचा मात्र १९ होता. तेहतीसवरून एकोणीसवर जायचे तर आता रुग्णवाहिका वाढवून भागणार नाही. बाई दारातून आत आल्यानंतरच्या तासांमध्ये काय होते, यावर ते ठरणार आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला तो याच जाणिवेतून. लेबर रूमची रचना, सामान, नोंदी आणि कर्मचाऱ्यांचे कौशल्य, सगळ्यांचे मोजमाप त्यात आले. पण प्रमाणपत्राचे मूल्यांकन जवळ आले की घाईने चार दिवसांत सगळ्यांचे ‘ट्रेनिंग’ उरकून टाकायचे, ही आपली जुनी खोड त्यामुळे गेलेली नाही.

नेहमीची आखणी कशी असते? वरून पत्र येते, ‘दोन नावे कळवा’. ज्यांना सोडता येते त्यांची नावे जातात. ज्यांच्यावाचून लेबर रूम अडते, त्या राहतात. गेलेल्या दोघी दोन दिवस स्लाइड पाहतात, एकदा पुतळीवर हात चालवतात, आधीची आणि नंतरची चाचणी देतात, गुण वाढलेले दिसतात आणि प्रमाणपत्र फाइलला लागते. अशा प्रशिक्षणाचे काय होते, हे टांझानियाच्या उत्तर भागातील हायडम या ग्रामीण रुग्णालयाने फार प्रामाणिकपणे मोजून ठेवले आहे. न रडलेल्या बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण तिथे झाले. कर्मचाऱ्यांचे ज्ञान वाढले, पुतळीवरचे कौशल्यही वाढले, पण खऱ्या बाळाजवळच्या कामात फरक पडला नाही. मग त्यांनी पद्धत बदलली. पुतळी लेबर रूममध्येच ठेवली आणि दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटांचा सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या २४ तासांतील बालमृत्यू हजार जन्मांमागे ११.१वरून ७.२वर आले. पुतळी तीच आणि शिकवण्याचा मजकूरही तोच होता, बदलली ती जागा आणि वारंवारता. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहत नाही हे आपण मुलांना सांगतो आणि सिस्टरांना मात्र पुस्तकच देत राहतो.

दुसरा पुरावा ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाचा. तिथे २०००पासून प्रसूती विभागातील सगळ्यांना, म्हणजे डॉक्टर, मिडवाइफ, भूलतज्ज्ञ अशा सगळ्यांना, एकत्र बसवून आणीबाणीच्या प्रसंगांचे प्रशिक्षण रुग्णालयातच दिले जाऊ लागले. पाचव्या मिनिटाला अपगार गुण कमी असलेल्या बाळांचे प्रमाण दहा हजारांत ८६.६वरून ४४.६वर आले. डोके बाहेर येऊन खांदा अडकलेल्या प्रसूतींत बाळाला इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. हे आकडे वाचून कोणालाही वाटेल, की हा अभ्यासक्रम मागवावा आणि सगळीकडे लावावा. स्कॉटलंडने तेच केले. बारा मोठ्या प्रसूती विभागांत तेच प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने नेले आणि शिस्तीत मोजले. कमी अपगारच्या प्रमाणात फरक पडला नाही. या दोन निकालांमधला विरोध मला महत्त्वाचा वाटतो. त्याचा अर्थ मी असा लावतो: ब्रिस्टलमध्ये जे काम करत होते ते वह्या-पुस्तकांच्या संचात बंद नव्हते. आपल्या चुका आपणच शोधायच्या, आपल्याच खोलीत त्यावर सराव करायचा आणि वर्षानुवर्षे ते सोडायचे नाही, या सवयीत ते होते. संच पाठवता येतो, सवय पाठवता येत नाही. म्हणून तुमच्या आखणीत ‘कोणते मोड्यूल घ्यायचे’ हा पहिला प्रश्न असेल, तर आखणी उलट्या टोकापासून सुरू झाली आहे.

आता सगळ्यात कठीण आक्षेप, कारण तो आपल्याच देशातून आला आहे. उत्तर प्रदेशात जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित प्रसूती चेकलिस्टवर मोठी चाचणी झाली. १२० आरोग्य संस्था आणि दीड लाखाहून अधिक माता त्यात होत्या. निम्म्या ठिकाणी आठ महिने प्रशिक्षक येऊन, शेजारी उभे राहून शिकवत होते. डिसेंबर २०१७मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सांगितलेल्या अठरा कृती पाळण्याचे प्रमाण दोन महिन्यांनी या ठिकाणी ७२.८ टक्के होते, इतर ठिकाणी ४१.७. पण मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत मिळून पाहिले तर एकीकडे १५.१ टक्के आणि दुसरीकडे १५.३. म्हणजे फरक जवळपास शून्य. ‘मग कशाला एवढा खटाटोप?’ असे कोणी विचारले तर त्याला उडवून लावता येत नाही. पण त्याच अहवालातला आणखी एक आकडा बघा. बाराव्या महिन्यात, म्हणजे प्रशिक्षक जाऊन चार महिने झाल्यावर, कृती पाळण्याचे प्रमाण ६१.७ टक्क्यांवर घसरले होते. बाहेरून आलेला माणूस उभा असेपर्यंत हात धुतले जातात. शिवाय अठरा गोष्टींवर एकदम टिक करणे हे एक काम आणि रक्त वाहत असताना पाच गोष्टी एका दमात करणे हे दुसरे. चेकलिस्ट आठवण करून देते, पण हाताला वळण लावणे किंवा नसलेले औषध आणून ठेवणे तिच्याकडून होत नाही.

याच्या शेजारी २०२३चा इमोटिव्ह हा प्रयोग ठेवून पाहा. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालये, दोन लाख दहा हजारांवर बायका. विषय एकच: बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची. रक्त ठरावीक खुणेपर्यंत आले, की गर्भाशय चोळणे, आकुंचनाचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्त कुठून येतेय याची तपासणी, हे सगळे लगोलग करायचे. एकाचा परिणाम पाहून मग दुसरे, असे थांबायचे नाही. प्रशिक्षण जागेवरच आणि प्रसंग उभा करून दिले. औषधे एका पेटीत किंवा ट्रॉलीत एकत्र ठेवली, प्रत्येक ठिकाणी एक-दोन पुढाकार घेणारी माणसे नेमली आणि दर महिन्याचे आकडे त्यांनाच दाखवले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावे लागणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नेहमीच्या पद्धतीने काम चाललेल्या ठिकाणी ४.३ टक्के होते, इथे १.६ टक्के. अतिरक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण इतर ठिकाणी ५१ टक्के होते, इथे ९३ टक्के. दोन्ही प्रयोगांत माणसे शिकवलीच होती. दुसऱ्यात विषय एकच होता, माप हातात होते, औषध हाताशी होते आणि शिकवणारे त्याच वॉर्डातले होते. आखणी करणाऱ्याने उचलायचे ते हेच.

त्या मापाच्या पिशवीशी आपलाही संबंध आहे. अशा पिशवीवरचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम बेळगावला झाले. नुसत्या नजरेने केलेला रक्तस्रावाचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी येतो, हे तिथल्या २००६च्या अभ्यासाने दाखवले. तरीही आपल्याकडच्या कित्येक केसपेपरवर आजही ‘ब्लीडिंग नॉर्मल’ एवढीच नोंद असते. प्रशिक्षणाचा पहिला धडा म्हणून एवढे करा: लाल रंगाचे पाणी मोजून पॅडवर, मॅकिंटॉशवर आणि टेबलाखालच्या बादलीत वेगवेगळे ओता आणि सगळ्यांकडून अंदाज लिहून घ्या. डॉक्टरांकडूनही. नावे वाचून दाखवू नका, आकडे फक्त फळ्यावर लिहा. पुढचे भाषण देण्याची गरज उरत नाही.

आता प्रत्यक्ष आखणीकडे. विषय ठरवण्यासाठी गेल्या तीन महिन्यांचे लेबर रूमचे रजिस्टर, रेफरलचे रजिस्टर आणि नवजात कक्षात हलवलेल्या बाळांची यादी समोर घ्या आणि इन्चार्ज सिस्टर, एक वैद्यकीय अधिकारी व बालरोग विभागातले एक जण असे तिघे तासभर बसा. कोणत्या बायका शेवटच्या क्षणी पुढे पाठवल्या, किती बाळे जन्मतः रडली नाहीत, रक्त किती जणींना चढवले, कोणाचा रक्तदाब आल्या वेळी लिहिलेलाच नाही, हे बघा. माता मृत्यू परीक्षणाचे कागद असतील तर तेही काढा. पण मृत्यूची वाट पाहू नका. मरता मरता वाचलेल्या बाईच्या केसपेपरमधून अधिक शिकायला मिळते, कारण तिथे माणसे मोकळेपणाने बोलतात. यातून सहा महिन्यांसाठी तीनच विषय निवडा. बहुतेक ठिकाणी अतिरक्तस्राव, झटके आणि न रडलेले बाळ हेच तीन निघतील, पण ते तुमच्या रजिस्टरमधून निघू द्या. जिथे चुकीच्या वेळी ऑक्सिटोसिनची सलाईन लावून कळा वाढवण्याची सवय आहे, तिथे पहिला विषय तोच असला पाहिजे आणि तो कोणत्याही छापील वेळापत्रकात सापडणार नाही. उलट काही गोष्टी रजिस्टरमध्ये कधीच दिसत नाहीत. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. दिवे गेले तर, ऑक्सिजन संपला तर, धूर झाला तर कोणते बाळ कोण उचलणार आणि कोणत्या दाराने, याचा सराव वर्षातून दोनदा तरी व्हावा. तो वेगळा धरा, त्या तीन विषयांत मोजू नका.

सरावाची दहा मिनिटे कशी असावीत? वेळ दुपारी दोनची घ्या, ओव्हर देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही पाळ्या तेव्हा हजर असतात. एक सिस्टर टेबलावर आडवी होते, पोटावर उशी आणि खाली लाल पाण्याची पिशवी. दुसरी म्हणते, ‘वार पडून पाच मिनिटे झाली, रक्त थांबत नाही.’ इथून पुढे कोणी शिकवत नाही, फक्त एक जण घड्याळ पाहते. ऑक्सिटोसिन आणायला कोण धावली? ते फ्रीजमध्ये, आणि फ्रीज कुठे? शेजारच्या खोलीत, कुलपात. चावी? सकाळच्या पाळीच्या सिस्टरच्या ॲप्रनच्या खिशात, आणि ती आत्ताच जिना उतरली. बस, तुमचा त्या दिवसाचा धडा सापडला. गर्भाशय कसे चोळायचे हे सगळ्यांना येत होते. चावीची जागा ठरलेली नव्हती. सराव संपल्यावर तीन मिनिटे बोला: काय चांगले झाले, काय अडले, उद्यापासून काय बदलायचे. ‘काय बदलायचे’ हे वहीत तारखेसह लिहा आणि पुढच्या सरावाच्या सुरुवातीला ते झाले का ते वाचा. चावी पुढच्या वेळीही खिशातच सापडली, तर सराव करून घेणाऱ्याने शांतपणे अधिसेविकांकडे जावे. हा शिकण्याचा विषय राहिलेला नाही, व्यवस्थापनाचा झाला आहे.

या दहा मिनिटांत मावशी आणि वॉर्डबॉय असलेच पाहिजेत. रक्तपेढीकडे नमुना घेऊन पळणारी मावशीच असते, स्ट्रेचर ओढणारा वॉर्डबॉयच असतो, आणि आपल्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर त्यांची नावे बहुधा नसतात. डॉक्टर असलेच पाहिजेत हे तर उघड आहे, पण खरी अडचण तिथेच येते. ‘सिस्टरांचे ट्रेनिंग आहे’ म्हणून डॉक्टर फिरकत नाहीत, आणि डॉक्टर आले की सिस्टर गप्प होतात. म्हणून बोलण्याचाही सराव लागतो. रात्री फोनवर ‘सर, पेशंट जरा बरी वाटत नाही’ असे सांगितले, की पलीकडून ‘सकाळी बघतो’ हे उत्तर जवळपास ठरलेले असते. त्याऐवजी: ‘सर, पाच नंबरच्या बाईचा बीपी १६०/११० आहे, डोके दुखतेय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मॅग्नेशियम भरायला घेतलेय. तुम्ही आत्ता या.’ कोण, काय झाले, मी काय करतेय, तुमच्याकडून काय हवे, या चार गोष्टी एका दमात. हे वाक्य ज्युनिअर सिस्टरच्या तोंडून मोठ्याने म्हणवून घ्या, तेही डॉक्टरांसमोर, आणि डॉक्टरांना ‘येतो’ एवढेच उत्तर देण्याचा सराव करू द्या. नाटक वाटेल. वाटू द्या.

‘आमच्याकडे माणसेच नाहीत, ट्रेनिंगला वेळ कुठून काढायचा?’ हा आक्षेप खरा आहे आणि रिकाम्या पदांचे दुःख प्रशिक्षणाने भरून निघत नाही, हे आधीच मान्य करू. दोन टेबलांवर चार बायका झोपवाव्या लागतात तिथे दहा सराव करूनही उपयोग मर्यादितच. पण हिशेब मांडून पाहा. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटे म्हणजे वर्षाच्या पन्नास आठवड्यांत हजार मिनिटे, साडेसोळा तासांहून थोडे जास्त. दोन दिवसांच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष शिकण्याचा वेळ याहून जास्त नसतो, आणि तिच्यासाठी प्रवास, बदली माणूस, भत्ता हे सगळे लागते, ड्युटीचा तक्ता विस्कटतो ते वेगळेच. माणसे कमी असणे हे सराव ड्युटीतच करण्याचे सर्वात मोठे कारण आहे. मूळ प्रशिक्षण मात्र यातून वगळता येत नाही. ज्या एएनएम किंवा सिस्टरचे कुशल प्रसूतीचे २१ दिवसांचे प्रशिक्षण झालेलेच नाही, तिला दहा मिनिटांच्या सरावावर सोडणे म्हणजे पाया न घालता भिंत रंगवणे. तिचे नाव पाठवाच, आणि तक्त्याला गैरसोयीची असली तरी तिचेच पाठवा.

‘वीस वर्षे बाळंतपणे केली, आम्हाला काय शिकवता?’ हे मोठ्याने कोणी म्हणत नाही, पण चेहऱ्यावर दिसते. त्यांचा मान राखूनच उत्तर द्यावे, कारण सरळ बाळंतपणात त्यांचा हात खरोखरच नव्या डॉक्टरापेक्षा चांगला असतो. पण आणीबाणीचा हिशेब वेगळा आहे. खांदा अडकण्याचा प्रसंग साधारण दीडशे ते पावणेदोनशे प्रसूतींत एकदा येतो. महिन्याला दोनशे बाळंतपणे होणाऱ्या विभागात वर्षाला पंधराच्या आसपास. बारा सिस्टर, तीन पाळ्या, सुट्ट्या, आणि त्यातही प्रत्यक्ष हात घालणारी एकच. म्हणजे एकेकीच्या वाट्याला वर्षात एखाद-दुसरा प्रसंग. वर्षातून एकदा चालवलेली गाडी वीस वर्षे चालवली, तरी वीसच वेळा चालवली. शिवाय अनुभवाबरोबर जुन्या सवयीही येतात: पोटावर दाब देऊन बाळ ढकलणे, प्रत्येक पहिलटकरणीला टाके घालण्याचा कट देणे, न रडलेल्या बाळाला पाठीवर चापट्या मारत राहणे. या सवयी भाषणाने जात नाहीत. ज्येष्ठ सिस्टरला सराव घेण्याची जबाबदारी द्या. शिकवायचे म्हटल्यावर माणूस आधी स्वतःचे तपासतो.

बदल्यांबद्दल थोडे. लेबर रूममध्ये हात बसलेली सिस्टर तीन महिन्यांनी मेडिकल वॉर्डला आणि तिच्या जागी कोणी दुसरी, ही फिरती आपल्याकडे न्यायाच्या नावाखाली चालते. सगळ्यांना सगळे यावे आणि जड काम एकीवरच पडू नये, असा त्यामागचा विचार. त्यात तथ्य नाही असे नाही. पण प्रशिक्षित सिस्टर लेबर रूममधून फिरवू नयेत, हे तज्ज्ञांचे सांगणे आता सरकारी सूचनांतही आले आहे. निदान निम्म्या जणी वर्षभर हलणार नाहीत आणि नव्या बंधपत्रित किंवा कंत्राटी सिस्टरची पहिली पंधरा दिवसांची ड्युटी एका ठरलेल्या ज्येष्ठ सिस्टरबरोबरच लागेल, एवढे अधिसेविकांकडून लेखी मिळवा. हे न मिळता केलेली वार्षिक योजना म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे आहे.

बाईशी बोलण्या-वागण्याचे प्रशिक्षण वेगळ्या तासाला ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘रुग्णांशी सौजन्याने वागा’ या व्याख्यानानंतर कोणी मांडीवर चापट मारायची थांबलेली नाही. सरावात टेबलावर जी सिस्टर आडवी होते, तिलाच शेवटी विचारा: तुला काय सांगितले, काय नाही सांगितले, पडदा होता का, सोबत आलेल्या बाईला आत येऊ दिले असते तर बरे वाटले असते का? पाय बांधून उताणे पडलेल्या अवस्थेत छत कसे दिसते, हे एकदा पाहिले की बरेच काही आपोआप सुटते.

यश मोजायचे कशाने? ‘प्रशिक्षित कर्मचारी ९५ टक्के’ या आकड्याने मुळीच नाही. दोन-तीन साधी मापे धरा: जन्मानंतर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन किती जणींना मिळाले, न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅगने श्वास सुरू झाला का, आलेल्या प्रत्येक बाईचा रक्तदाब दाखल होताच लिहिला का. ती महिन्याला लेबर रूमच्या भिंतीवर लावा, कार्यालयात नको. एक धोका इथे सांगायलाच हवा. आपल्याकडे पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर बसून भरला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी लिहीत नाही. मापाला शिक्षेची दोरी बांधली, की हे ऑक्सिटोसिनच्या मिनिटालाही होईल. प्रत्येक नोंद नेमकी ‘१ मिनिट’ येईल. म्हणून सरावात झालेली चूक गोपनीय अहवालात जाणार नाही, हे विभागप्रमुखाने सगळ्यांसमोर, तोंडाने सांगावे आणि पाळावे.

छोट्या खासगी नर्सिंग होमना हे सगळे मोठ्या रुग्णालयांपुरते वाटेल. उलट त्यांच्याकडे अडचणही कमी आणि गरजही जास्त. चार-पाच माणसांचा चमू, मालक डॉक्टर जागेवरच, निर्णय पाच मिनिटांत. पण तिथल्या कित्येक मुली रीतसर नर्सिंग न शिकता हाताखाली तयार झालेल्या असतात. हे कायद्यानेही आणि बाईच्या जिवानेही महाग पडणारे आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेच्या ‘मान्यता’ उपक्रमात प्रसूतीसेवेची १६ मानके ठरलेली आहेत. ती समोर ठेवून सुरुवात करता येईल. पुतळी नसेल तर जुन्या चादरीची बाहुली आणि फुग्याचे पोट चालते. चालत नाही ते फक्त ‘पुढच्या महिन्यापासून’.

पहिला सराव न रडलेल्या बाळाचा घ्या, तो सर्वात सोपा आणि सर्वात उघडा पाडणारा आहे. बॅगला जोडायचे मास्क दोन मापांचे लागतात: पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबर, लहान बाळाला ० नंबर. तुमच्या लेबर रूममध्ये आज दोन्ही आहेत का, ते आत्ता जाऊन पाहून या.